टाकी भरू द्या

हिंगणीच्या नळयोजनेचा वॉल अण्णाजींनी एकतीस वर्षं उघडला आणि एकतीस वर्षं बंद केला. दोन्हींपैकी बंद करणं त्यांना जास्त चांगलं जमायचं, असं गावातल्या बाया म्हणत. त्यांचा कायदा एकच होता: टाकी काठोकाठ भरल्याशिवाय वॉल खोलायचा नाही. कोणाच्या घरी लग्न असो, मयत असो, की खुद्द सरपंचाच्या डोक्याला साबण लागलेला असो, अण्णाजी टाकीकडे बोट दाखवून म्हणत, "भरू द्या. अर्ध्या टाकीत पानी सोडलं तं खालच्या आळीले पानी भेटते अन् वरच्या आळीले हवा भेटते."

त्यात तथ्य होतं, आणि तीच पंचाईत होती. खोट्या कायद्यानं माणूस फार नुकसान करू शकत नाही, लोक त्याला आठ दिवसांत पकडतात. खऱ्या कायद्याला मात्र कोणी हटकत नाही, मग तो भलत्याच घरात जाऊन बसला तरी.

ग्रामपंचायतीत पाण्याची एक तक्रारवही होती. तिला दोरीनं पेन बांधलेला होता. पहिल्याच वर्षी पेन गेला आणि दोरी राहिली. अण्णाजींनी दरवर्षी अहवाल दिला, 'तक्रारी: निरंक'. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि पाण्याच्या वेळा लिहायचा काळा फळा त्यांनी स्वतः मागून घेतला. तो घरच्या ओसरीत लागला. त्यावर जेवणाची वेळ, भांडी घासायची वेळ, आणि 'मोबाईल शंभर टक्के झाल्याशिवाय काढू नये' अशी सूचना सुवाच्य अक्षरात आली. त्यांची बायको मनकर्णाबाई फळ्याखालून रोज जायच्या. त्यांनी तो कधी वाचला नाही, म्हणून संसार टिकला.

अशा घरात त्यांची सून मंजुषा बाळंत झाली.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं. पण आर्वीला मंजुषाची आई न्हाणीत घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे. अण्णाजींचा मुलगा सचिन सेलूच्या कृषी केंद्रात कामाला होता. त्यानं दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बियाण्याच्या पिशवीबरोबर एकेक पेढा दिला. चार दिवस सगळं छान होतं. पाचव्या दिवशी पोरगी रडायला लागली ती थांबेचना. मंजुषा तिला सारखी पदराखाली घ्यायची, पोरगी थोडं ओढायची, झोपायची, अर्ध्या तासात पुन्हा सुरू.

अण्णाजी ओसरीत बसून ऐकत होते. सासऱ्यानं सुनेशी या विषयावर बोलायचं नसतं. या विषयाचं नावही घ्यायचं नसतं. पण पुरवठ्यातला बिघाड कानाला कळत होता, आणि एकतीस वर्षांचा अनुभव गप्प बसू देत नव्हता. त्यांनी मनकर्णाबाईला बोलावलं.

"ते... पुरून नाई राह्यलं काय?"

"काय पुरून नाई राह्यलं?"

"तेच."

मनकर्णाबाईंना समजलं होतं, पण नवऱ्याला अडलेलं पाहायची संधी त्या वाया घालवत नसत. "तेच म्हंजे काय? तेल? तुरीची दाळ?"

"लेकराचं," अण्णाजी भिंतीकडे पाहून म्हणाले. "सारखं सारखं लावलं तं साठन कसं? तिले म्हना, साठू द्या. चार घंटे भरू द्यायचं, मंग एकदम सोडायचं. मधात लेकरू रडलं तं बाटली द्या."

मनकर्णाबाई जरा घुटमळल्या. त्यांनी सचिनला वाढवलं होतं, पण त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती, आणि तेव्हा शेतात निंदण करता करता केव्हा किती पाजलं हे कोण लक्षात ठेवतं? शिवाय साठवलं की वाढतं, ही गोष्ट ऐकायला बरोबर वाटते. त्यांनी निरोप आत पोचवला. सचिननं सेलूहून पावडरचा डबा आणि बाटली आणली. आणि फळ्यावर, कोणाचं नाव न घेता, नवी ओळ आली: 'सकाळी ६, १०, दुपारी २, सायं. ६, रात्री १०, २.'

पहिल्या दिवशी कायदा झकास चालला. बाटली पिऊन पोरगी गाढ झोपली. अण्णाजींनी मिशीवरून हात फिरवला. तिसऱ्या दिवशी दहाच्या वेळेला काही निघालं नाही. अण्णाजींनी निदान केलं, की टाकी पुरती भरत नसावी, आणि फळ्यावर चारचे पाच तास केले. बाटल्या दोनाच्या पाच झाल्या. मग पोरगी बाटलीही अर्धी टाकायला लागली, कारण पावडर पुरावी म्हणून मनकर्णाबाई तीत पाणी जास्त घालत, आणि पाणी ही या घरात कोणी अडवायची गोष्ट नव्हती.

चौदाव्या दिवशी आरोग्य केंद्राची आशा कार्यकर्ती आली. अंजू मडावी, जंगलाकडच्या टोल्यावरची, त्या लहानशा वस्तीतली, पायाला भिंगरी असल्यासारखी चालणारी. तिनं पिशवीतून झोळीचा काटा काढला, पोरीला झोळीत ठेवलं आणि काटा वर उचलला. मग खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. दोनदा उचलला म्हणजे काय, हे ओसरीत बसलेल्या अण्णाजींना समजलं. तेही दाबमापक दोनदा पाहत, पण पाणी कमी असलं तरच.

"अडीच किलो पन्नास," अंजू म्हणाली. "जन्माच्या वेळी दोन किलो आठशे होती. आतापावतर तेवढी तं परत व्हायले पाह्यजे होती. मंजुताई, दिवसातून कितीदा पाजता?"

मंजुषानं दाराबाहेर फळ्याकडे पाहिलं. अंजूनंही पाहिलं आणि सावकाश वाचलं.

"हे टाइमटेबल कोनाचं?"

"आमच्या घरच्या साहेबाचं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

अंजू काट्यासकट ओसरीत आली. अण्णाजींना ती लहानपणापासून ओळखत होती. टोल्याच्या नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून हंडा घेऊन ती त्यांच्याशी भांडलेली होती आणि हरलेली होती. ती ओसरीच्या पायरीवर बसली.

"अण्णाजी, आपल्या टाकीत तो फुगा होता न, पान्यावर तरंगनारा?"

"होता."

"टाकी भरली की तो काय करे?"

"वर येऊन मोटार बंद करे. म्हून तं मी त्याले ताराले बांधून ठेवला होता. मोटार कवा बंद करायची हे फुगा ठरवन काय?"

"बाईच्या अंगातला फुगा कोनाले बांधता येत नाई," अंजू म्हणाली. "अंग भरलं की तो वर येते अन् मोटार बंद. तुमी पाच घंटे भरू द्या म्हन्ता, त्याच्यातले तीन घंटे मोटार बंदच राह्यते."

अण्णाजींनी मनातल्या मनात टाकी भरून पाहिली. फुगा वर आला.

"अन् मोटार चालू कोन करते?"

"लेकरू. लेकरू ओढते तवा निरोप डोक्यात जाते, का माल पाह्यजे. डोक्यातून हुकूम सुटते, बनवा. जेवढं ओढन तेवढा हुकूम. आता बाटलीनं पोट भरलं तं लेकरू ओढन कायले? निरोपच गेला नाई तं अंग काय समजन? अंग म्हनन, गावातले लोक गाव सोडून गेले वाटते, एवढं पानी कोनासाठी उपसू?"

"म्हंजे नळ चालू ठेवला तं टाकी भरते?"

"हो."

"एकतीस वर्षांत असं झालं नाई."

"एकतीस वर्षं तुमी सिमेंटच्या टाकीवर होते, अण्णाजी."

आत मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. अंजू मात्र हसली नाही. उठताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "एकविसाव्या दिवशी मी येतो. तवर दोनशे ग्रामच्या आसपास वाढली नाई तं वर्ध्याले भरती करा लागन. आत्ता ती ओढून राह्यली, जोर आहे तिच्यात. तो जोर गेला तं मंग कठीन होते."

ती गेली. मग आतून मंजुषाचा आवाज आला, सासूशी बोलणारा, पण ओसरीत ऐकू येणारा.

"आत्या, माह्यातच काही कमी आहे काय व? माह्या मायनं चार लेकरं अंगावर पाजून मोठी केली. मले एक जमून नाई राह्यलं."

अण्णाजींनी हे ऐकलं आणि चपला घातल्या.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. दोन घरं सोडून वासुदेवरावांचा गोठा होता. वासुदेवरावांकडे चार गवळाऊ गाई होत्या, पांढऱ्याशुभ्र, आणि मालकापेक्षा शांत. अण्णाजी कुंपणाला टेकून उभे राहिले आणि हवापाण्यावर बोलले. तुरीवर बोलले. मग अगदी सहज म्हणाले, "वासुदेवराव, समजा एका गाईले दिवसातून एकदाच पिळलं. बाकी दिवस साठू देलं. तं दूध वाढन का कमी होईन?"

वासुदेवरावांनी हातातला कडबा खाली ठेवला.

"तुमाले उन्ह लागलं काय?"

"समजा म्हनलं न."

"आटन. चार दिवसात आटन. थानात ठेवलं तं गाय म्हन्ते, यायले पाह्यजेच नाई, कायले बनवू. अन् आमची ही गवळाऊ तं वासरू सोडल्याबिगर पान्हाच घालत नाई. वासरानं ढुसन्या मारल्या की पान्हा फुटते. माह्या आज्याले हे ठाऊक होतं, त्याच्या आज्याले ठाऊक होतं. तुमाले काऊन पाह्यजे?"

"असंच."

"गाय घेता काय?"

"नाई."

असंच म्हणून विचारलेल्या प्रश्नाला हिंगणीत फार किंमत असते. संध्याकाळपर्यंत अण्णाजी गाय घेणार ही बातमी बस स्टॉपवर पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वीचा एक दलाल चार दाती गाय घेऊन दारात उभा होता. त्याला घालवायला मनकर्णाबाईंना अर्धा तास लागला.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी अण्णाजी गोठ्यावरून परत आले ते फळ्यासमोर उभे राहिले. सुनेला सांगायचं होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं. मनकर्णाबाईंकरवी निरोप पाठवता आला असता, पण चुकीचा निरोपही त्यांच्याकरवीच गेला होता, आणि ही गोष्ट स्वतःच्या हातची व्हायला पाहिजे असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळा फळा पुसला, जेवणाच्या वेळेसकट. खडू घेतला. एकतीस वर्षांत ते एकच भाषा लिहायला शिकले होते, तीत त्यांनी लिहिलं:

'जाहीर सूचना. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, यापूर्वीचे वेळापत्रक तांत्रिक चुकीमुळे लागू झाले होते. ते रद्द करण्यात येत आहे. यापुढे मागणी येईल तेव्हा पुरवठा, दिवसा व रात्री. टाकी भरण्याची वाट पाहू नये. चूक खाली सही करणाऱ्याची आहे, संबंधितांची नाही. अण्णाजी, सेवानिवृत्त.'

शेवटून दुसरं वाक्य लिहायला त्यांना वेळ लागला. 'चूक' हा शब्द त्यांनी यापूर्वी फक्त वीज मंडळाबद्दल वापरला होता.

मग ते मुद्दाम देवळाकडे फिरायला गेले. परतले तेव्हा सूचनेच्या खाली, वेगळ्या अक्षरात, एकच शब्द लिहिला होता: 'बाटली?'

अण्णाजी त्या शब्दाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या फळ्यावर आजवर कोणी उलट काही लिहिलं नव्हतं. त्यांनी अंजूला फोन लावला, विचारून घेतलं, आणि खाली लिहिलं: 'एकदम बंद नको. आधी अंगावर, मग लागली तर वाटी-चमच्याने. पावडरमध्ये डब्यावर लिहिले तेवढेच पाणी. रोज थोडे थोडे कमी. अंजूबाईंच्या सल्ल्याने.'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: 'घंट्याघंट्याला मागते. हे बरोबर आहे का?'

'बरोबर. ती हुकूम देत आहे.'

'लाडू पुरे झाले. साधी भाकर पाहिजे.'

डिंकाच्या लाडूंचा आदेश अण्णाजींचाच होता, दिवसाला सहा. ते मुकाट्यानं स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि भिंतीला सांगितलं की भाकरी टाका. त्याच संध्याकाळी आणखी एक ओळ आली, जरा लहान अक्षरात: 'दाराशी खाकरू नये. ती दचकते आणि सोडून देते.'

एकतीस वर्षांत जेवढ्या तक्रारी आल्या नव्हत्या तेवढ्या दोन दिवसांत आल्या. अण्णाजींना आश्चर्य वाटलं ते याचं, की त्यांना राग येत नव्हता. तक्रार आली की काय करायचं ते कळत होतं. एवढी सोपी गोष्ट असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ते ओसरीत न खाकरता बसू लागले. हे त्यांच्या छातीला जड गेलं, पण गेलं.

सोपं मात्र काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोरगी दिवसभर रडली. घ्यायची, ओढायची, रडायची, पुन्हा ओढायची. मंजुषाचे डोळे खोल गेले. मनकर्णाबाई तिच्या पाठीशी उशा लावून बसल्या होत्या, मध्येच पाणी पाजत होत्या, मध्येच पाय दाबत होत्या. संध्याकाळी सचिन दुकानातून आला, दोन मिनिटं ऐकलं, आणि स्वयंपाकघरातून बाटली घेऊनच बाहेर आला.

"बाबा, हे पाहवून नाई राह्यलं. लेकरू उपाशी मरून राह्यलं. एक भरून देतो."

अण्णाजींच्या हाताला वॉल आठवला. पाणी कमी पडलं, लोक ओरडायला लागले की हात आपोआप चाक फिरवायला जातो. एक बाटली दिली तर पोरगी झोपेल, घर शांत होईल, आणि उद्या हुकूम आणखी कमी होईल. नाही दिली आणि अंजूचंच चुकलेलं असलं तर? सिमेंटच्या टाकीत चूक झाली तर गाव एक दिवस शिव्या देतं. इथं अडीच किलो पन्नासात चूक करायला जागा नव्हती.

ते उठून अंगणात गेले. तारेवर दुपटी आणि लंगोट वाळत होते. त्यांनी मोजले, मग परत मोजले. सचिन बाटली घेऊन मागे आला.

"काय करून राह्यले तुमी?"

"परवा पाच होते. काल पाच. आज आठ आहेत," अण्णाजी म्हणाले. "अंजूनं सांगितलं, सहाच्या वर ओले झाले तं समजायचं."

"काय समजायचं?"

"आत जाते म्हून बाहेर येते, लेका. पोट्टीनं आज बाटली किती घेतली?"

सचिननं आत जाऊन विचारलं. दोन चमचे. बाकी सगळं आईचं. तो बाटलीकडे पाहत उभा राहिला, मग ती त्यानं पालथी घालून ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन बायकोजवळ बसला. त्याला तिथं काही करता येण्यासारखं नव्हतं. पण मंजुषानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोरगी पुन्हा ओढायला लागली, म्हणजे काहीतरी होत असावं.

पुढचे चार दिवस अण्णाजींकडे तारेचं खातं आलं. आठ, नऊ, नऊ, अकरा. शेजारणींना वाटलं म्हातारा सुनेच्या धुण्यावर पहारा देतोय. वासुदेवराव तर कुंपणावरून म्हणाले, "गाय नाई घेतली, मंग हे काय घेतलं?" अण्णाजी हिशोबात होते.

मधल्या एका दुपारी मंजुषा पहिल्यांदाच मोठ्यानं दचकून ओरडली. मनकर्णाबाई धावल्या. पोरगी पाळण्यात रडायला लागली होती आणि मंजुषा अजून तिच्यापर्यंत पोचलीही नव्हती, तरी तिच्या पोलक्याचा पुढचा भाग ओला झाला होता.

"आत्या, हे काय व? मी हातही लावला नाई तिले."

"पान्हा आला, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पलंगावर बसल्या. "नुसत्या आवाजानं आला." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्या रडल्या. मंजुषा हसत होती. ओसरीत अण्णाजींनी सगळं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी चष्मा पुसला. तो कोरडाच होता.

एकविसाव्या दिवशी अंजू नऊ वाजता आली. ओसरीतच चटई टाकली, कारण तिथं उजेड चांगला होता. मनकर्णाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सचिन दुकानात उशिरा येतो म्हणून सांगून थांबला होता. मंजुषानं पोरीला झोळीत ठेवलं आणि हात मागे घेतले, पण फार मागे नाही. अंजूनं काटा उचलला. सगळ्यांचे डोळे त्या काट्याच्या सुईबरोबर वर गेले आणि थांबले.

अंजूनं काटा खाली ठेवला. एकदाच.

"दोन किलो सातशे साठ."

"अजून चाळीस ग्राम कमी आहे," अण्णाजी म्हणाले. त्यांना आठशे व्हायला पाहिजे होते.

"दोनशे दहा वाढली एका हप्त्यात. एवढी तं मी म्हनलीही नोती. वर्ध्याले जायचं काही काम नाई. पुढच्या हप्त्यात येतो, तवा पाह्यजो, आठशेच्या वर गेली राहीन." अंजू मंजुषाकडे वळली. "अन् तुमच्यात काही कमी नोतं, मंजुताई. अंग पहिल्या दिवसापासून तयार होतं. त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नोता."

मंजुषानं मान हलवली. झोळीतली पोरगी या सगळ्या बोलण्याला कंटाळली होती. तिनं ओठ गोळा केले, मूठ तोंडात घातली, ती आवडली नाही, आणि लाल होत सूर लावायला सुरुवात केली. मंजुषानं तिला उचललं. ती पदर सावरत तिथंच भिंतीशी बसली, मग थांबली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच सासऱ्याशी समोरासमोर, मध्ये कोणाला न घालता बोलली.

"मामाजी, तुमी जरा बाहेर जाता का? तिची वेळ झाली."

"कोनती वेळ?" अण्णाजींनी विचारलं. सवयीनं विचारलं गेलं.

"तिची."

अण्णाजी उठले. सचिनलाही त्यांनी खांद्याला धरून उठवलं, आणि दोघं पायऱ्या उतरून अंगणात उभे राहिले. मागे पोरीचं रडणं मध्येच तुटलं. मग काही क्षण काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यानंतर घटाघट गिळण्याचा आवाज, अगदी बारीक, थांबून थांबून, पुन्हा सुरू होणारा.